पहारेकरी की बिऱ्हाडकरू? : शिंपल्यातल्या कोळंबीचा इतिहास

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोलायचे म्हणजे पगार, बोनस, फार तर एखादा नवा कायदा ह्यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. पण आज आम्ही जो विषय घेतला आहे तो समुद्राच्या तळचा आहे. शिंपल्याच्या पोटात, स्पंजाच्या पोकळीत, पोवळ्यांच्या फांद्यांत जन्म काढणाऱ्या कोळंब्यांचा हा विषय आहे. बाजारात वाट्याने मिळते ती कोळंबी ही नव्हे. ह्यांतल्या बहुतेकींची लांबी बोटाच्या एका पेराहून अधिक नसते, आणि कोळ्याच्या जाळ्यात त्या क्वचितच सापडतात.

ह्या विषयाला दोन इतिहास आहेत. एक कोळंबीचा स्वतःचा. तो कोट्यवधी वर्षांचा. दुसरा, माणसाने तिच्याविषयी काय काय म्हटले त्याचा; तो सुमारे २३०० वर्षांचा. आमचे लक्ष मुख्यतः ह्या दुसऱ्या इतिहासाकडे आहे. एकाच्या घरात दुसरा राहतो हे दिसले की माणूस लगेच विचारतो: मालक कोण, चाकर कोण, आणि फुकट खाणारा कोण? ही प्रश्नावली आपल्या व्यवहारातली आहे. ती समुद्रात नेल्यावर तिचे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे.

भूमध्य समुद्रात पिन्ना नावाचा एक प्रचंड शिंपला असतो. तो निमुळत्या टोकावर वाळूत उभा रोवलेला असतो आणि वाढून मीटरभराहूनही लांब होतो. त्याच्या अंगातून निघणाऱ्या सोनेरी तंतूंनी तो तळाला घट्ट धरून राहतो. त्या तंतूंचे कापड इटलीच्या किनाऱ्यावर विणले जात असे. आमचा सारा जन्म मागवाल्यांत गेल्यामुळे ही गोष्ट आमच्या मनात आधी भरली. ह्या शिंपल्याच्या दोन झडपांमध्ये, मऊ अंगाच्या घडीत, पुष्कळदा कोळंबीची एक जोडी राहते, किंवा एक लहानसा खेकडा राहतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ह्या रहिवाशाला पिन्नाचा रक्षक म्हटले. हा रक्षक कधी कोळंबी असतो, कधी खेकडा, आणि तो गेला की पिन्ना लवकरच मरतो, असे त्याने लिहून ठेवले.

पुढे ह्या रक्षकाची गोष्ट रंगत गेली. रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास लिहितो तो असा: पिन्ना आपल्या झडपा उघडून बसतो, लहान मासे आत शिरतात, कोळंबी त्याला चावा घेऊन इशारा देते, पिन्ना झडपा मिटतो आणि दोघे मिळून शिकार खातात. इतके भिन्न दोन जीव एकत्र येऊन अन्न मिळवतात, तेव्हा त्यांनी आपसांत करार केला की निसर्गानेच त्यांना जन्मतः जोडले, असा प्रश्नही त्याने विचारला. पहिल्या शतकातल्या प्लिनीनेही हीच हकीकत सांगितली. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांना ती फार आवडे. सृष्टीत प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या उपयोगासाठी आहे, ह्या मताला तिच्यासारखा सोयीस्कर दाखला कुठे मिळणार? घरोघरी दारावर गुलाम पहारा देत होता, अशा समाजात शिंपल्याच्या दारावरही पहारेकरी दिसला, ह्यात आम्हांला नवल वाटत नाही.

गोष्ट सुंदर आहे. पण खरी नाही. पिन्ना मासे खात नाही. तो पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव व कण खातो. ह्या शिंपल्याला डोळे नाहीत हे खरे. परंतु धक्का लागला की झडपा मिटण्यासाठी त्याला कोणाच्या चाव्याची गरज लागत नाही. आतली कोळंबी खाते ते मालकाने गाळून गोळा केलेले, बुळबुळीत स्रावात अडकलेले कण. म्हणजे ती पहारा करीत नाही. ती बिऱ्हाड करून राहते. बाहेर मासे टपलेले असता दोन भक्कम झडपांच्या आत जागा मिळाली, हाच तिचा लाभ. तरीही 'रक्षक' हे नाव दोन हजार वर्षे टिकले. एकदा कोणाला एखादे नाव चिकटले की ते पुसून काढणे किती अवघड असते, हे आम्ही माणसांत पाहिले आहे.

अठराव्या शतकात हे नाव शास्त्राच्या वहीत चढले, त्याची हकीकत मुंबईपर्यंत येऊन पोचते. स्वीडनच्या लिनीअसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत पक्की केली. त्या वेळी त्याने खेकडे, शेवंडे, कोळंब्या ह्या सगळ्यांना 'कँसर' ह्या एकाच गोत्रात घातले होते. त्याचा शिष्य पीटर फोर्स्कोल हा निर्भय तरुण होता. १७५९ मध्ये त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक लहान पुस्तिका छापली आणि तीत लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. सरकारने ती बंद केली, आणि तिच्या प्रती परत गोळा करण्याचे काम विद्यापीठाचा प्रमुख म्हणून खुद्द लिनीअसकडे आले. पुढे १७६६ मध्ये स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला. पण तो पाहायला फोर्स्कोल उरला नव्हता.

१७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या सहा जणांच्या मोहिमेत फोर्स्कोल सामील झाला. तांबड्या समुद्राच्या काठाने त्याने वनस्पती आणि प्राणी जमवले, आणि १७६३ च्या जुलैमध्ये येमेनात हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याच्या सोबत्यांपैकी एक आधीच वारला होता, दोघे मुंबईच्या वाटेवर जहाजात गेले, एक मुंबईत वारला. उरला एकटा कार्स्टेन नीबूर. तो १७६३ च्या सप्टेंबरात मुंबईस उतरला, वर्षभराहून अधिक काळ राहिला आणि त्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे व चित्रे काढली. आपल्याकडे नीबूर आठवला जातो तो लेण्यांसाठी. पण मायदेशी परतल्यावर मृत मित्राची टिपणे त्यानेच १७७५ मध्ये छापून काढली, आणि त्या ग्रंथात पिन्ना जातीच्या शिंपल्यात राहणारी एक कोळंबी आहे. तिचे नाव 'कँसर कस्टोस'. कस्टोस म्हणजे लॅटिनमध्ये राखणदार! ॲरिस्टॉटलचा पहारेकरी असा शास्त्रीय नामावळीत रुजू झाला. आज ह्या तांबड्या समुद्रातल्या कोळंबीला ॲन्किस्टस कस्टोस म्हणतात, आणि भूमध्य समुद्रातली कोळंबी तिच्याहून वेगळी ठरून पोंटोनिया पिन्नोफायलॅक्स ह्या नावाने ओळखली जाते. ह्या दुसऱ्या नावाचा अर्थही पिन्नाचा राखणदार असाच आहे. पहारा नाही हे कळले, तरी बिल्ला दोघींच्याही छातीवर राहिला.

एकोणिसाव्या शतकात विचारांना दुसरे वळण लागले. बेल्जियमच्या लूव्हाँ येथील प्राध्यापक प्येर-जोसेफ व्हान बेनेडेन ह्याने १८७५ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि दुसऱ्याच्या अंगावर वा अंगात राहणाऱ्या प्राण्यांचे तीन वर्ग केले. एक सहभोजी, म्हणजे शेजाऱ्याच्या पानावर बसणारा पण त्याला इजा न करणारा. दुसरा अन्योन्यसाहाय्यक, म्हणजे खाल्ल्याची काही परतफेड करणारा. तिसरा परोपजीवी, म्हणजे यजमानालाच खाणारा. ह्यांतल्या दुसऱ्या वर्गासाठी त्याने 'म्युच्युॲलिझम' हा शब्द वापरला. आमच्या दृष्टीने ह्या शब्दाचे गोत्र महत्त्वाचे आहे. हा शब्द प्राणिशास्त्रात येण्यापूर्वी कामगारांच्या तोंडी होता. फ्रान्समधील लियाँ शहरातल्या रेशीम विणकरांनी १८२८ मध्ये परस्पर साहाय्याची एक संस्था काढली होती, आणि तिचे सभासद ह्याच शब्दाने ओळखले जात. आजारपणात, बेकारीत एकमेकांना हात द्यायचा, हा त्यांचा नेम. विणकरांच्या बैठकीतला शब्द पन्नास वर्षांत समुद्राच्या तळाशी पोचला!

मात्र व्हान बेनेडेनच्या तीन कप्प्यांतही न्यायाधीशाची नजर होती. कोण भला, कोण ऐतखाऊ, हे आधी ठरवायचे आणि मग नोंद करायची. १८७८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी ह्याने 'सहजीवन' ह्या कल्पनेची व्याख्या केली ती साधी होती: भिन्न नावांच्या जीवांनी एकत्र राहणे. नफा कोणाचा, तोटा कोणाचा, हे पुढे शोधायचे. आधी ते एकत्र राहतात एवढेच मान्य करायचे. आम्हांला ही व्याख्या अधिक प्रामाणिक वाटते. कारण नफा-तोट्याचा हिशेब दर ठिकाणी निराळा निघतो. अमेरिकेतल्या कालवात राहणारा वाटाण्याएवढा खेकडा मालकाच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणजे ज्याला रक्षक म्हणावे त्याच्याच भाईबंदांत 'कुंपणच शेत खाते' असा मामला. उलट पोवळ्यांवर राहणारे काही खेकडे आणि कोळंब्या पोवळे खायला आलेल्या काटेरी तारामाशाला हुसकून लावतात. घरात राहणारा प्रत्येक जण चोर नसतो आणि प्रत्येक जण राखणदारही नसतो.

आता वर्गीकरणाकडे वळू. फ्रान्सच्या लात्रेयने १८२९ मध्ये पिन्नातल्या कोळंबीसाठी पोंटोनिया हे स्वतंत्र गोत्र केले. १८७९ च्या सुमारास अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ किंग्जली ह्याने अशा कोळंब्यांचे पोंटोनिनी हे उपकुल बांधले. हिंदुस्थानात ह्या उपकुलावर पहिले भरभक्कम काम कलकत्त्याला झाले. तेथल्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावर स्टॅन्ली केंप ह्याने १९२२ मध्ये दीडशेहून अधिक पानांचा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे नेदरलंड्समधल्या लायडनच्या होल्टहाउसने, १८९९-१९०० मध्ये 'सिबोगा' जहाजाने आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रातून आणलेल्या नमुन्यांचा अभ्यास करून १९५२ मध्ये सारे उपकुल नव्याने मांडले. पालेमोनिडी नावाच्या मोठ्या कुलाच्या दोन मुख्य शाखा त्यामुळे ठरून गेल्या. एका शाखेत प्रामुख्याने मोकळ्या राहणाऱ्या. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी आपण खातो ती ह्याच शाखेतली. दुसऱ्या शाखेत पोंटोनिनी. त्यांतल्या बहुतेक परक्याच्या आश्रयाने राहणाऱ्या. दोन्ही शाखांमधली भिंत मुख्यतः दोन खुणांवर उभी होती: तोंडाजवळच्या एका अवयवापाशी कल्ल्याची एक विशिष्ट घडी आहे की नाही, आणि शेपटीच्या टोकाला किती काटे आहेत.

आश्रयाने राहणाऱ्या कोळंबीचे अंग कसे असते ते सांगितल्यावाचून पुढचा मुद्दा उमगणार नाही. मोकळ्या कोळंबीच्या डोक्यापुढे करवतीसारखा दातेरी काटा असतो, अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, कवच कडक असते. शिंपल्यात राहणारीचा काटा आखूड आणि बोथट होतो, अंग पाठीपोटाकडून दबते, कवच गुळगुळीत व मऊ होते, आणि पायांच्या टोकांना पकडीसाठी आकडे येतात. मादी मोठी, अंड्यांनी भरलेली, नर लहान. हे सारे आतल्या जागेला धरून आहे. मऊ मांसाच्या घडीत करवत घेऊन वावरता येत नाही. घर जसे तसे अंग होत गेले.

येथेच वर्गीकरणाची खरी अडचण आहे. दोन कोळंब्या सारख्या दिसतात त्या एका पूर्वजाच्या लेकी म्हणून, की सारख्या घरात पिढ्यान् पिढ्या राहिल्या म्हणून? डोळ्यांना फरक कळत नाही. जपानच्या समुद्रात काचेसारख्या तंतूंनी विणलेल्या टोपलीच्या आकाराचा एक स्पंज असतो. त्याच्या आत नर आणि मादी कोळंबीची एक जोडी राहते. लहानपणी ती जाळीतून आत शिरते, आत वाढते, आणि मग जाळीतून बाहेर पडण्याएवढी लहान राहत नाही. जपानी लोक त्याला 'एकत्र म्हातारे व्हावे, एका थडग्यात जावे' अशा अर्थाचे नाव देतात आणि लग्नात भेट म्हणून तो स्पंज देत आले आहेत. लायडनच्याच दे हानने १८४४ मध्ये ह्या कोळंबीचे वर्णन केले. ती पालेमोनिडी कुलातली नव्हेच. तिचा मूळ फाटाच वेगळा आहे.

तिसरे उदाहरण टिचकी मारून आवाज करणाऱ्या कोळंब्यांचे. त्यांचेही कुल वेगळे. कॅरिबियन समुद्रात बेलीझच्या किनाऱ्यालगत स्पंजांत राहणाऱ्या त्यांच्यातल्या एका जातीचा अभ्यास एमेट डफी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. एका स्पंजात तीनशेपर्यंत कोळंब्या, आणि त्या सगळ्यांत अंडी घालणारी मादी एकच! बाकीच्या मोठ्या नांग्यांनी घराचे रक्षण करतात. मुंग्या-मधमाश्यांसारखी ही व्यवस्था समुद्रात प्रथमच आढळली. असे का झाले असावे? राहण्याजोगे स्पंज थोडे, आणि बहुतेक आधीच भरलेले. घर सोडावे तर जागा नाही, म्हणून पोरे घरातच राहिली. ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या पाहिल्या आहेत, त्यांना ह्याचा उलगडा करून सांगावा लागणार नाही. खरा पहारा सापडला तो येथे. पण तो परक्या मालकासाठी नाही, आपल्याच माणसांसाठी आहे.

म्हणजे निदान तीन वेगवेगळ्या वंशांनी परक्याच्या देहात घर केले. आणि पालेमोनिडी कुलाच्या आत काय झाले? २०१५ मध्ये डी ग्राव्ह, फ्रान्सेन आणि पेज ह्या तिघा शास्त्रज्ञांनी पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखवले की दोन शाखांमधली भिंत टिकत नाही. मोकळ्या आणि आश्रित म्हणून वेगळ्या काढलेल्यांच्या वंशरेषा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. इतकेच नव्हे, तर दिसण्यावरून स्वतंत्र कुले मानलेली आणखी दोन घराणीही ह्याच कुलात आतवर बसतात. पोंटोनिनी हे उपकुल त्यांनी मोडून टाकले. सव्वाशेहून अधिक वर्षांचे कुंपण गेले, आणि सगळ्या एका कुलात आल्या. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, होर्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जवळजवळ हजार जातींच्या ह्या कुलात परक्याच्या आश्रयाने राहण्याची रीत निदान तीनदा स्वतंत्रपणे सुरू झाली. पहिले यजमान बहुधा पोवळी आणि समुद्रफुले ह्यांच्या वर्गातले. तेथून कोळंब्यांनी पुष्कळदा घरे बदलली: कोणी स्पंजात गेल्या, कोणी तारामाशांच्या वर्गाकडे, कोणी शिंपल्यात. यजमान आणि आश्रित जन्मोजन्मी जोडलेले नव्हते. सिसेरोच्या प्रश्नाचे उत्तर हे असे, दोन हजार वर्षांनी मिळाले.

मराठीत प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून 'स्पीशीज'ला जाती म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण तो वापरताना आम्ही दर वेळी क्षणभर थांबतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये वीस वर्षे काढलेला माणूस घरीही मोठ्याने बोलतो. परक्याला वाटते, ह्या लोकांचा स्वभावच भांडखोर, ह्यांच्या रक्तातच ते आहे. ते रक्तात नसते; मागाच्या खडखडाटात त्याचा आवाज तसा घडलेला असतो. कोणाची पाठ वाकलेली, कोणाचे हात खरखरीत. आणि पाहणारा त्यावरून कूळ सांगून मोकळा होतो. कोळंबी आणि माणूस एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. कोळंबीचे अंग लाखो पिढ्यांत बदलते, कामगाराचे एका जन्मात. पण पाहणाऱ्याची घाई दोन्हीकडे तीच असते. राहण्याची परिस्थिती अंगावर उमटते, आणि तो उमटलेला ठसा जन्म म्हणून वाचला जातो. शास्त्राने हा वाचनदोष आपल्या वहीतून काढायला सव्वाशे वर्षे घेतली; पण काढला. तीन शास्त्रज्ञांनी आपल्याच गुरुजनांनी उभारलेली भिंत पुरावा हाती येताच पाडली, आणि त्यांत एक जण लायडनच्या त्याच संग्रहालयातला होता, जेथे होल्टहाउसने आयुष्य वेचले. ह्यात गुरूचा अपमान नाही; गुरूने नीट जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळेच हे शक्य झाले.

शेवटी पुन्हा पिन्नाकडे येऊ, कारण ह्या इतिहासाचे ताजे पान दुःखाचे आहे. २०१६ च्या शरद ऋतूत स्पेनच्या किनाऱ्यावर हे शिंपले हजारोंनी मरू लागले. एका सूक्ष्म परजीवीची साथ आली आणि काही वर्षांत ती भूमध्य समुद्रभर पसरली. कित्येक ठिकाणी जवळजवळ एकही शिंपला वाचला नाही. २०१९ मध्ये ह्या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. ही जात भूमध्य समुद्राबाहेर कोठेच नाही. रक्षक गेला तर पिन्ना मरतो, असे ॲरिस्टॉटल म्हणाला होता. घडले ते उलट: पिन्ना मरू लागला, आणि ज्याला पहारेकरी म्हटले त्याच्याच डोक्यावरचे छप्पर गेले. त्या कोळंबीला आशा आहे ती एवढीच, की पिन्नाच्या भाईबंदांपैकी दुसऱ्या एका जातीतही ती राहू शकते, आणि त्या जातीला ही साथ फारशी बाधलेली नाही.

गिरणी बंद पडली की फाटकाशी चहा विकणाऱ्याचेही बिऱ्हाड उठते, आणि पटावर त्याचे नाव नसते म्हणून नुकसानीच्या यादीतही ते येत नाही. पिन्ना किती मेले ह्याची मोजदाद झाली आणि होत आहे. ती झालीच पाहिजे. पण एकेका मेलेल्या शिंपल्याबरोबर आतली जोडीही गेली असेल. पुढची यादी कोणी करील तेव्हा त्याने झडप उघडून आतही पाहावे, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.